नाक वर आणता येत नाही

मागच्या लेखात लाकडात कोरलेल्या पानाफुलांच्या उठावाबद्दल, म्हणजे सपाट फळीतून वर आलेल्या कोरीवकामाबद्दल, लिहिलं आणि शेवटी "चेहऱ्यांबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा" असं लिहून मोकळी झाले. त्याची फळं आता समोर आहेत. टपालात चेहरेच चेहरे, आणि तेही जवळपास सगळे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे. क्रिकेटपटू एकच निघाला, त्याला तूर्त बाजूला ठेवलाय. पहिल्या पत्राला उत्तर लांबलंय, कारण बाकीच्या निम्म्या पत्रांचं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न : वडिलांना भेट द्यायला पं. भीमसेन जोशींचा गातानाचा चेहरा कोरतेय. बासवुडची (हे कोरीवकामाचं मऊ, हलकं लाकूड) 12 बाय 16 इंचांची, दीड इंच जाडीची फळी आहे. फोटो अगदी समोरून, फ्लॅश मारून काढलेला. कार्बन पेपरने तो उतरवला, पार्श्वभूमी 10 मिलिमीटर खाली नेली आणि डोळे, भुवया, ओठ कोरून काढले. नाकाच्या शेंड्याला अजून हात लावलेला नाही. घरचे म्हणतात, "सुंदर झालंय, पण हे कोण?" याआधी वेली, मोर, कमळं केली आहेत. आता हे सोडून नवी फळी घेऊ का?

नवी फळी घेऊ नका. नाकाचा शेंडा मूळ पातळीवर आहे ना? मग चेहरा अजून तुमच्या हातात आहे. उठावात नाक वर आणता येत नाही, पण बाकी सगळं खाली नेता येतं. तुम्हाला आता तेच करायचंय.

आधी ओळख का पटत नाही ते बघू. तुम्ही डोळे-भुवया-ओठ कोरले ते बहुतेक एकाच पातळीवर, नाकाच्या जरासे खाली. वेलीत हे चालून जातं, कारण पान थोडं वर असलं काय नि खाली असलं काय, ते पानच राहतं. चेहऱ्यात ओळख रेघांमध्ये नसते. कपाळ कुठे वळतं, गालाचं हाड किती पुढे येतं, डोळ्याची खोबण किती खोल जाते, यावर सावली कुठे पडणार ते ठरतं आणि आपण माणूस त्या सावलीवरून ओळखतो. लांबून, डोळे बारीक करून बघितलं तरी आपण ओळखीच्या माणसाला ओळखतोच की. तेव्हा त्याच्या पापण्या थोड्याच दिसतात?

तुमच्या फोटोने घात केलाय तो इथेच. समोरून मारलेला फ्लॅश सगळ्या सावल्या पुसून टाकतो. त्या फोटोत रेघा आहेत, खोली नाही. एका बाजूने उजेड पडलेले, मंचावरचे तीन-चार फोटो शोधा. पंडितजींचे फोटो भरपूर आहेत, पण एक पथ्य पाळा, वय एकच ठेवा. ते 1922 ते 2011 एवढं आयुष्य जगले. चाळिशीतला जबडा आणि सत्तरीतले गाल एका चेहऱ्यात बसवलेत तर तो दोघांपैकी कुणाचाच होणार नाही.

आता ट्रेसिंग पेपरवर चेहरा पुन्हा काढा आणि त्यावर रेघांऐवजी आकडे लिहा. मी याला उंचीचा नकाशा म्हणते. फळी 38 मिलिमीटर जाड आहे, त्यातले 14 पाठीला राखा, म्हणजे हाताशी 24 उरतात. समोरून बघितलेल्या, 15 सेंटिमीटर उंचीच्या डोक्यासाठी मी साधारण असे आकडे घालीन, सगळे फळीच्या मूळ पृष्ठभागापासून खाली मोजलेले मिलिमीटर : नाकाचा शेंडा 0, वरचा ओठ 5, हनुवटी 6, कपाळाचा मधला भाग आणि भुवईचं हाड 6, गालाचं हाड 9, पापणीचा फुगवटा 10, उघड्या तोंडाची पोकळी 13, कानशील 14, कान 18, पार्श्वभूमी 24. यातले एक-दोन मिलिमीटर तुमच्या फोटोप्रमाणे इकडेतिकडे होतील. क्रम मात्र सहसा बदलत नाही.

आकड्यांत एक लबाडी आहे, ती लक्षात आली का बघा. मोठ्या माणसाच्या नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या भोकापर्यंत खरं अंतर साधारण 12 सेंटिमीटर असतं. तुमचं डोकं खऱ्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे ते अंतर झालं 8 सेंटिमीटर, आणि आपण ते 18 मिलिमीटरमध्ये दाबतोय. सगळं सारखंच दाबलं तर नाक आणि ओठ यांच्यातला फरक जेमतेम तीन मिलिमीटर येईल आणि चेहरा चेपल्यासारखा दिसेल. म्हणून मी पुढच्या भागाला, म्हणजे नाक, ओठ, हनुवटी, भुवई यांना त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त खोली देते आणि ती गालापासून कानापर्यंतच्या पट्ट्यातून चोरते. तो पट्टा कोण बारकाईने बघतो? चोरी पचते.

पार्श्वभूमी आत्ता 10 वर आहे ती सरळ 24 वर न्या. एवढं लाकूड काढताना हात कचरेल, पण त्याशिवाय कान आणि कानशील मागे सरकायला जागाच नाही. मग कानशिलं, गालांच्या बाजू, डोळ्यांच्या खोबणी अशा क्रमाने खाली जा. तुम्ही कोरलेले डोळे यात पूर्ण निघून जातील. जाऊ देत. डोळे नेहमी शेवटी करायचे असतात, कारण ते ज्या जमिनीवर बसतात ती जमीन आधी तयार हवी. खोबण तयार झाली की तिच्यात आधी नुसता गोल फुगवटा ठेवा, पापणी वगैरे काही नाही. दोन्ही फुगवटे एका उंचीवर, एका रेषेत आहेत याची खात्री झाली की मग पापणी. पापणी म्हणजे बंद मुठीवर ओढलेला रुमाल : आतल्या गोलाचा आकार वरून कळला पाहिजे. मी तुमच्या जागी असते तर डोळे मिटलेलेच केले असते. गाताना ते शोभतं, आणि बाहुलीची कटकट वाचते. लाकडात बाहुली काळी करता येत नाही, खड्डा पाडून तिथे सावली धरावी लागते आणि तो खड्डा केसभर सरकला की नजर तिरळी होते.

तोंडाबद्दल. पंडितजींच्या गाण्यात सगळं शरीर गायचं, चेहरा पिळवटायचा, हात हवेत फिरायचे. ते सगळं घ्यायचा मोह होईल. हात घेऊ नका. बघणाऱ्याच्या दिशेने आलेला पंजा उठावात दाबून बसवणं हे चेहऱ्यापेक्षा अवघड काम आहे आणि फसलेला हात चेहऱ्यावरचं लक्ष ओढून नेतो. तोंड उघडं हवंच. ते काळं दिसावं म्हणून खूप खोल कोरायची गरज नाही. वरच्या ओठाच्या खालून पटाशी तिरकी आत घाला, ओठाची कड थोडी पुढे झुकलेली राहू दे, म्हणजे वरून येणाऱ्या उजेडात आतली पोकळी आपोआप अंधारते. दात एकेक करून कोरलेत तर चेहरा गाणारा न दिसता दात दाखवणारा दिसेल. वरच्या दातांची एक सलग, किंचित गोलावलेली पट्टी करा, ओठाच्या सावलीत अर्धी बुडालेली. मधल्या दोन दातांची फट सुचवायची असेल तर एक हलकी खूण, बस. आणि तोंड उघडतं तेव्हा नुसते ओठ हलत नाहीत. हनुवटी खाली आणि मागे जाते, गाल लांबट होतात, नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे येणारी घडी ताणली जाते. बंद तोंडाच्या फोटोवरून चेहरा करायचा आणि त्यात उघडं तोंड बसवायचं, हे जमत नाही. आरशासमोर उभ्या राहून मोठा आकार लावा आणि स्वतःच्या गालावर बोट ठेवून बघा.

लाकडाला हात लावण्याआधी त्याच मापाचा चेहरा मातीत किंवा प्लॅस्टिसिनमध्ये करून घ्या. मातीत भर घालता येते, लाकडात ती सोय नाही. मातीच्या चेहऱ्यावर सुई टोचून खोली मोजता येते आणि आकडे तिथेच पक्के होतात. कंटाळवाणं वाटेल, पण फळी वाया घालवण्यापेक्षा माती वाया घालवलेली परवडली.

कामाच्या जागेचा उजेड आजच बदला. डोक्यावरची ट्यूबलाइट बंद. एकच दिवा, वर डावीकडे, फळीशी साधारण 30 अंशांत तिरका. अधूनमधून तो दिवा हातात धरून चेहऱ्याभोवती फिरवा. एका बाजूच्या उजेडात बरोबर दिसणारा गाल दुसऱ्या बाजूने चुकीचा निघतो, तिथे काम बाकी आहे असं समजा. सावली नीट वापरली तर किती कमी खोलीत भागतं हे बघायचं असेल तर इटालियन शिल्पकार दोनातेल्लोचं सेंट जॉर्ज आणि ड्रॅगनचं संगमरवरी उठावशिल्प शोधून बघा. ते साधारण 1417 मधलं, फ्लोरेन्सचं आहे. मागची झाडं आणि कमानी जवळजवळ ओरखड्याएवढ्या उठावात आहेत आणि तरी लांबवर दिसतात. आपल्याला 24 मिलिमीटर मिळालेत, म्हणजे आपण श्रीमंत.

मोबाइलवर कामाचा फोटो काढा, काळा-पांढरा करा आणि मूळ फोटोशेजारी ठेवा. रंग गेला की फक्त सावल्या उरतात आणि कुठली सावली कमी पडतेय ते लगेच कळतं. घरच्यांना "हे कोण?" असं विचारू नका, त्यांना उत्तर आता पाठ झालंय. पाहुण्यांना विचारा.

प्रश्न : घरात जुन्या दरवाजाची सागाची फळी आहे. एवढं उत्तम लाकूड असताना बासवुड कशाला? आणि शिरा उभ्या ठेवायच्या की आडव्या?

साग दरवाजासाठी उत्तम आहे. चेहऱ्यासाठी मला तो आवडत नाही, आणि सागाला नावं ठेवली म्हणून रागावणारे पुष्कळ आहेत हे माहीत असून लिहितेय. त्याच्या शिरा ठळक असतात. गालाचा गोल कोरला की त्या शिरा गालावर वर्तुळं काढतात आणि तरुण गायिका सुरकुतलेली दिसते. शिवाय सागात सिलिका असते, ती पटाशीची धार खाते. वजनातही फरक आहे : वाळलेला साग घनमीटरला साधारण 650 किलो, बासवुड 415 च्या आसपास. हलकं आणि एकसारखं लाकूड बारीक कामाला कुठूनही कापू देतं. युरोपात लाइमचं (लिंबाचं नव्हे, बासवुडच्याच जातकुळीतलं) लाकूड याच गुणासाठी वापरत. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या ग्रिनलिंग गिबन्स या कोरीवकाम करणाऱ्याने त्यात जी फुलं कोरली त्यांच्या पाकळ्या कागदाइतक्या पातळ वाटतात. आपल्याकडच्या लाकडांत शिवण आणि हळदू बघा. दोन्हींचा रंग फिका, पोत शांत.

तरी सागच वापरायचा असेल तर वयस्क, रापलेला चेहरा निवडा, शिरा तिथे मदतीला येतात. आणि जुन्या दरवाजात मोडलेले खिळे असतात. लोहचुंबक फिरवल्याशिवाय पटाशी लावू नका.

शिरा उभ्या. नाकाचा दांडा उभा असतो, तो शिरांच्या दिशेने गेला की कणखर राहतो. आडव्या शिरांवर कोरलेलं नाक एखाद्या दिवशी टचकन तुटून हातात येतं. दोन फळ्या जोडून पाट करणार असाल तर जोड नाकावर किंवा डोळ्यावर येऊ देऊ नका, सरस आणि लाकूड पॉलिश वेगवेगळं पितात आणि रेघ उमटते. आणखी एक : लाकूड वर्षभर आकुंचतं-प्रसरतं, तेही वाढकड्यांच्या (खोडातल्या वर्तुळांच्या) दिशेने, त्यांना आडव्या दिशेपेक्षा साधारण दुपटीने. एकाच बाजूने कोरलेली फळी म्हणून वाकते. पाठीलाही पुढच्याइतकेच पॉलिशचे हात द्या आणि चौकटीला घट्ट स्क्रूने आवळू नका, भोकं लांबट ठेवा.

प्रश्न : मी गिटार वाजवतो. जिमी हेंड्रिक्स गिटारसह कोरायला घेतला. लेझर प्रिंट लाकडावर उलटी ठेवून थिनरने छाप उतरवली, मस्त उतरली. गिटारची बाह्यरेषा कोरून झाल्यावर मित्र म्हणाला, "हा उजव्या हाताने का वाजवतोय?" आता काय?

तुमच्या मित्राला चहा पाजा. छाप उतरवताना चित्र आरशातल्यासारखं उलटतं, म्हणून प्रिंट काढतानाच ते उलटं करून काढावं लागतं. कार्बन पेपरला हा त्रास नाही. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत ही गोष्ट खपलीही असती, पण तुम्ही नेमका हेंड्रिक्स निवडलात. तो डावखुरा होता आणि उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार उलटी धरून, तारा बदलून वाजवायचा. त्यामुळे त्याच्या हातात गिटारच्या खुंट्या खालच्या बाजूला येतात आणि आवाजाच्या चकत्या वरच्या बाजूला. तुमच्या फळीवर आता डाव्या हातासाठी बनवलेली गिटार उजव्या हाताने वाजवणारा माणूस आहे. गिटार वाजवणाऱ्या माणसाला हे लगेच खटकणार. शिवाय चेहराही उलटलाय. कुणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, म्हणून उलटा चेहरा ओळखीचा असूनही परका वाटतो.

बाह्यरेषाच कोरली असेल तर ती दोन-तीन मिलिमीटरपेक्षा खोल नसणार. रंधा मारून फळी सपाट करा आणि पुन्हा छाप घ्या. फळी तेवढी पातळ होईल, पाठीतून वजा करा.

आता गिटारबद्दल, कारण तुमचा पुढचा प्रश्न तोच असणार. सहा तारा कोरू नका. त्या मापात तार ही अर्ध्या मिलिमीटरची भिंत होते आणि पहिल्याच फडक्याने मोडते. गिटारची मान नीट सरळ, स्टीलच्या पट्टीला टेकवून कापलेली असली आणि तिच्यावर व्ही पटाशीच्या बारीक खाचा लांबीला ओढल्या की डोळा तारा आपणच भरतो. खऱ्या तारा ताणून बसवण्याची कल्पना काहींना सुचते. कृपा करून नको. लाकडी माणसाच्या हातात चकाकणारी तार आली की बाकी सगळं लाकूड मेलेलं दिसतं.

केसांसाठी आधी केस विसरा. तो कुरळा पसारा एक घुमट आहे : एक बाजू उजेडात, एक सावलीत, कडा मागे वळलेल्या. तो घुमट गुळगुळीत कोरून उजेडाखाली पटला की मग छोट्या गोल पटाशीने ठिपक्याठिपक्यांनी पोत द्या, आणि तोही सगळीकडे सारखा नको. उजेड आणि सावली जिथे भेटतात तिथे दाट, बाकी ठिकाणी विरळ. लांब जटा असलेला बॉब मार्ले करायचा असेल तरी हेच : आधी पाच-सहा मोठे झुबके, कुठला वर, कुठला खाली ते ठरवा, आणि मग प्रत्येकात दोन-चार खाचा.

प्रश्न : पहिलाच चेहरा करणार आहे. सोपा संगीतकार सुचवा. मनात बिस्मिल्ला खाँ, एम. एस. सुब्बुलक्ष्मी आणि बीथोव्हेन आहेत.

बीथोव्हेन. संगीतातला मतभेद इथे आणू नका, कारण अगदी व्यावहारिक आहे. 1812 मध्ये फ्रान्झ क्लाइन या शिल्पकाराने बीथोव्हेनच्या जिवंतपणी त्याच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेतला. म्हणजे कपाळ किती पुढे, गाल किती आत, हनुवटीवरची खळी कुठे, याचा अंदाज करावा लागत नाही. त्या मुखवट्याचे सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो मिळतात, आणि फोटोग्राफीच्या आधीच्या माणसाच्या बाबतीत हे भाग्य दुर्मीळ. शिवाय आठ्या, आवळलेले ओठ आणि विस्कटलेले केस असल्यामुळे नवख्या हाताचे ओबडधोबड कापही खपून जातात.

खाँसाहेब एका बाजूने, टोपी आणि शहनाईसह सुरेख दिसतील. एका बाजूचा चेहरा उठावात सगळ्यात सोपा, कारण ओळख बाह्यरेषेतच येते. नाण्यांवर आणि पदकांवर राजे तसेच असतात. इटालियन कलावंत पिसानेल्लोने 1438 च्या सुमाराला बायझंटाइन सम्राट आठव्या जॉनचं पदक केलं, त्यात टोकदार टोपी आणि दाढीच्या रेषेवरच सगळं काम झालंय. शहनाई मात्र शिरांना आडवी येईल. तिच्याखालचं लाकूड पूर्ण पोखरू नका, पार्श्वभूमीला चिकटलेलीच ठेवा. फुगलेला गाल विसरू नका. तो नसेल तर त्यांनी शहनाई नुसती तोंडाशी धरलीय असं वाटेल.

सुब्बुलक्ष्मींचा चेहरा तिघांत अवघड. भरलेला, शांत, सुरकुती नसलेला चेहरा म्हणजे पटाशीला लपायला जागा नाही. एक मिलिमीटरची चूकही दिसते. दोन-तीन चेहरे झाल्यावर घ्या. त्यांच्या दोन्ही नाकपुड्यांतल्या चमक्यांसाठी चमचमते खडे चिकटवू नका, अगदी लहान गोल उठाव ठेवा आणि शेवटी तेवढाच बोटाने घासून तुकतुकीत करा.

प्रश्न : बारा पटाश्यांचा संच घ्यावा का? यंत्राने होत नाही का हे?

संच नको, त्यातल्या सात पडून राहतात. पटाशीवरचा क्रमांक तिचा बाक सांगतो : 1 म्हणजे सरळ, 3 म्हणजे किंचित गोल, 9 म्हणजे जवळपास अर्धवर्तुळ, 11 म्हणजे खोल नळी. चेहऱ्याला 3 नंबरची 12 मिलिमीटर, 5 ची 8, 7 ची 10, 9 ची 5, 11 ची 3 आणि 6 मिलिमीटरची व्ही, एवढ्यावर काम होतं. सगळ्यात जास्त चालते ती 3 नंबर. गाल, कपाळ, कानशील तिनेच.

पैसे वाचले ते धारेवर घाला. बारीक दगड आणि चामड्याचा पट्टा. पट्ट्यावर हिरवी पेस्ट लावून दर थोड्या वेळाने पटाशी मागे ओढायची. धार तपासायला फळीच्या तुकड्यावर शिरांना आडवा काप घ्या : काप चकचकीत आला तर ठीक, पांढुरके तंतू उपटलेले दिसले तर पुन्हा दगड. मऊ लाकडाला बोथट पटाशी चालते असा समज आहे, तो नेमका उलटा आहे. मऊ लाकूड बोथट धारेखाली कापलं जात नाही, दबतं. फळी शिकंज्यात पकडा आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवा, धारेच्या वाटेत बोट कधीच नको.

यंत्राने होतं. फोटोवरून आपोआप उंची काढणारी सॉफ्टवेअर बऱ्याचदा उजळ भागाला उंच आणि गडद भागाला खोल धरतात, म्हणून काळी मिशी खड्ड्यात जाते आणि पांढरे केस नाकापेक्षा वर येतात. पार्श्वभूमीचं ढोबळ लाकूड यंत्राने काढलंत तर माझी हरकत नाही.

प्रश्न : चेहरा पूर्ण झाला. पॉलिश पेपर किती नंबरपर्यंत मारू? वर चकाकणारा व्हार्निश देऊ का?

पटाशीचं काम शंभर टक्के संपल्याशिवाय पॉलिश पेपर लाकडाला लावूच नका. त्याचे कण लाकडात रुततात आणि नंतर पटाशीची धार घालवतात. मला विचाराल तर चेहऱ्याला तो जवळपास लागतच नाही. धारदार पटाशीचे छोटे सपाट काप उजेड वेगवेगळ्या दिशांना परततात, त्वचा जिवंत राहते. घासून घासून गुळगुळीत केलेला चेहरा साबणाच्या वडीतून काढल्यासारखा दिसतो, आणि भुवईच्या हाडाची जी कड आपण कष्टाने आणली ती सगळ्यात आधी झिजते.

चकाकी नको. प्रत्येक उंच जागी पांढरा ठिपका चमकतो आणि सावल्या फुटतात. चपडा लाखेचा पातळ हात, वाळल्यावर मेण, मऊ ब्रशने घासून. बासवुडवर थेट रंग दिला तर डाग डाग होतात, रंग द्यायचाच असेल तर आधी तोच पातळ लाखेचा हात.

जवसाचं तेल वापरलंत तर चिंध्यांची काळजी घ्या. ते तेल वाळताना उष्णता सोडतं. तेलात भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकला तर काडी न लावता पेट घेऊ शकतो. चिंध्या उघड्यावर सुट्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. हे घाबरवायला लिहीत नाही, सुतारांच्या शेडमध्ये हे खरोखर घडतं.

प्रश्न : ज्यांचा चेहरा कोरतोय त्यांचंच गाणं लावून काम केलं तर भाव चांगला उतरतो का?

विलंबितापर्यंत ठीक. द्रुत सुरू झालं की मोगरीचे ठोके लयीत पडायला लागतात आणि लय वाढेल तशी ढलपी मोठी निघते. मी ढोबळ काम असेल तेव्हाच लावते. डोळे आणि ओठ करताना घर शांत.

प्रश्न : आजोबांच्या पंच्याहत्तरीला तीन आठवडे उरलेत. संध्याकाळी दोन-दोन तास मिळतात. त्यांचे आवडते कुमार गंधर्व 12 बाय 16 इंचांत होतील का?

नाही होणार. 5 बाय 7 इंचांची, पाऊण इंच जाडीची फळी घ्या आणि एका बाजूचा चेहरा करा, खोली 8 मिलिमीटर पुरे. पहिला आठवडा फोटो आणि माती, दुसरा लाकूड. तिसऱ्यात डोळा, केस आणि लाखेचा हात, म्हणजे मेण लावायला शेवटची एक संध्याकाळ मोकळी राहते. नाव खाली कोरायचं ठरवलं असेल तर ते फळी चौकटीत बसवण्याआधी कोरा. अक्षरं आधी कागदावर आखून घ्या, "गंधर्व"मधला रफार ऐन वेळी चौकटीच्या कडेला जाऊन आपटतो.